न्यूट्रल तुटलं त्या दुपारी

आमच्या गल्लीत नऊ घरं. त्या दुपारी आठ घरांतलं जे जे खटक्याला लावलेलं होतं ते सगळं गेलं. टीव्ही, फ्रीज, मिक्सर, चार्जिंगला ठेवलेले मोबाइल, आणि समोरच्या आपाची पिठाची गिरणी. एका घरातलं काहीच गेलं नाही. ते आमचं घर. गल्लीनं त्याबद्दल मला महिनाभर माफ केलं नाही, आणि गल्लीचं सगळंच चुकलं असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

मी आयटीआय केलेली बाई आहे. ट्रेड इलेक्ट्रिशियन, दोन वर्षं. वर्गात मुली आम्ही दोघीच, त्यातली दुसरी सहा महिन्यांत लग्न होऊन गेली. माझे वडील बसच्या वर्कशॉपात हेल्पर होते. सगळी नोकरी दुसऱ्याला पाने उचलून देण्यात गेली, म्हणून पोरीच्या हातात स्वतःचा पाना असावा असं त्यांना वाटायचं. निकालाच्या दिवशी त्यांनी मला एक मीटर घेऊन दिलं, व्होल्टेज मोजायचं, वीतभर, पिवळं. ते घेऊन मी सासरी आले. दिंद्रुडच्या अलीकडचं हे गाव. नवरा शाळेत कारकून. बघायला आले तेव्हा वडिलांनी सर्टिफिकेट पुढं ठेवलं होतं. सासरच्यांनी ते हातोहात फिरवलं आणि "शिकलेली हाय, बरं हाय" म्हणून परत दिलं. काय शिकलेली, ते कुणी विचारलं नाही.

पहिल्याच महिन्यात स्वयंपाकघरातला एक खटका सैल झाला. मी स्टुलावर चढून बसवत होते तेवढ्यात नवरा आला.

"खाली उतर."

"सैल झालता. बसवला. झालंच."

"दार उघडं हाय. गल्लीतून दिसतं. लोक म्हणतील, कारकुनाची बायको खांबावर चढायली."

मी स्टुलावर होते, खांबावर नव्हते. पण उतरले. दुसऱ्या दिवशी त्यानं माजलगावहून माणूस आणला. त्या माणसानं मी बसवलेला खटका काढला, परत बसवला, आणि बसवताना वायरी उलट्या केल्या. खटका बंद केला तरी दिव्यात करंट राहणार होता. मी चहा करून दिला. नवरा शाळेत गेल्यावर दार लावून घेतलं आणि वायरी सुलट केल्या. तेव्हापासून माझं सगळं काम असंच, दार लावून.

मोठा टीव्ही घेतला तेव्हा मात्र मी तोंड उघडलं. म्हटलं, घराला अर्थिंग नावालाच आहे. घर बांधताना अंगणाच्या कोपऱ्यात पाइप पुरला, त्यातलं मीठ-कोळसा केव्हाच विरून गेलं. मी रोज भांडी विसळलेलं पाणी त्या खड्ड्यात टाकते, पण तेवढ्यानं भागत नाही. आणि मेनपाशी एक डबी बसवून घ्या, व्होल्टेज प्रमाणाबाहेर वाढलं की ती आपोआप लाइन तोडते. त्यानं ऐकून घेतलं आणि बाजारातून एक लांब पट्टी आणली. चार भोकं, लाल दिवा, खोक्यावर लिहिलेलं की विजेच्या झटक्यापासून संरक्षण.

मी म्हटलं, "याच्यानं क्षणभराचा झटका झेलल्या जातो. व्होल्टेज वाढूनच राहिलं तर आधी हे जळंल आणि मग टीव्ही."

"बनवणारे येडे हायत का? लिहिलंय न्हवं त्याच्यावर."

त्याच्यावर लिहिलेलं होतं. मी सांगितलेलं कुठं लिहिलेलं नव्हतं.

माझं ऐकणारी गल्लीत एकच होती, आपा. वयानं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. तिचा नवरा माजलगावला फळांचा गाडा लावायचा, सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. आपानं घराच्या पुढच्या खोलीत गिरणी टाकली होती. गल्लीचं आणि पलीकडच्या वस्तीचं दळण तिच्याकडं. एकदा मोटर नुसतीच गुरगुरायला लागली, फिरेना. मी दळण घेऊन गेले होते. आवाजावरनं मला कळलं, मोटरला पहिला रेटा देणारा कपॅसिटर गेलाय. मी तिला तसं सांगितलं, तिनं नवऱ्याकडनं तो मागवला, आणि एका दुपारी कडी लावून मी बसवून दिला. मोटर फिरली तसं आपानं माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. पिठानं माझं तोंड पांढरं झालं.

"तू बाप्या असतीस ना, तर तुझं माजलगावला दुकान असतं," ती म्हणाली. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. मी सांगू नको म्हटलं होतं. माझ्याकडचं दळण मात्र त्यानंतर ती सगळ्यांच्या आधी घ्यायची.

मग ते दिवस आले. आमच्या घरातली ट्यूब मध्येच पांढरीफट्ट व्हायची, पंखा सुसाट सुटायचा, आणि दोन मिनिटांनी सगळं जागेवर. त्याच वेळी रस्त्याकडच्या घरांतले दिवे मिणमिणे व्हायचे. लोक म्हणायचे, लाइट खेळायलीय. मला मात्र तो खेळ वाटत नव्हता.

समजायला सोपं आहे. डीपीवरनं, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरनं, तीन फेज येतात आणि एक न्यूट्रल. न्यूट्रल म्हणजे सगळ्यांचा करंट परत न्यायची वाट. ती वाट जोडावर सैल झाली की तिन्ही फेजचा तोल जातो. ज्या फेजवर वापर जास्त तिथं दिवे मंद होतात, आणि ज्या फेजवर कमी तिथं व्होल्टेज चढत जातं. रस्त्याकडं वेल्डिंगचं दुकान, दोन हॉटेलं, विजेच्या शेगड्या. आमच्या बाजूला टीव्ही आणि दिवे, आणि तेवढी एक गिरणी. वाट पुरती तुटली की दोनशे तीसच्या जागी साडेतीनशेच्या पुढं. त्यापुढं पट्टी नाही, लाल दिवा नाही, काही टिकत नाही.

मी ट्रंकेतून मीटर काढलं. दोनशे साठ. थोड्या वेळानं दोनशे पंचेचाळीस. परत दोनशे अडुसष्ट. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तक्रार करू. दुसऱ्या दिवशी लाइनमन कुणाचं तरी मीटर बघायला गल्लीत आला. नवरा घरीच होता. मीच पुढं झाले.

"दादा, डीपीवर न्यूट्रलचा जोड सैल झालाय. आमच्याकडं दोनशे साठ-सत्तर दाखवायलंय आणि रस्त्याकडं दिवे लागंनात."

त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. नवऱ्याला म्हणाला, "सर, वैनी कुठं कामाला हायत का?"

"न्हाई, घरीच असते."

"मग हे न्यूट्रल-फिट्रल कुठनं काढलं?" आणि तो हसला.

माझा नवराही हसला. वाईट नाही हसला, पाहुण्याच्या विनोदाला हसतात तसा हसला. मला आयटीआयचं दोन वर्षांचं सगळं आठवलं, दोरीवरच्या गाठीपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत, आणि मी पदर सारखा करून आत गेले. लाइनमन म्हणाला, शनिवारी लाइट बंद असती तेव्हा बघतो.

त्या संध्याकाळी मी नळावर बायांना सांगितलं. शनिवारपर्यंत दुपारचं टीव्ही-फ्रीज लावू नका, पिना काढून ठेवा, लाइट फार पांढरी दिसली तर सरळ मेन पाडा. माझी चुलत जाऊ शेजारच्याच घरातली. ती घागर खाली ठेवून म्हणाली, "हिला आमचा टीव्ही बघवंना बाई. म्हणं पिना काढा. आमची मालिका बंद पाडायलीस व्हय?"

बाया हसल्या. हसू देत. पण आपाही हसली. ओढणीचा पदर तोंडाला लावून, मान खाली घालून, पण हसली. मी तिच्याकडं बघत होते. कडी लावून मी हिची मोटर बसवली, आणि चार बायांत ही एवढं म्हणू शकली नाही की तिला कळतंय, ऐका तिचं. नंतर वाटलं की ती काही बोलली असती तर माझंच गुपित फुटलं असतं, म्हणूनही ती गप्प बसली असेल. पण हे नंतर वाटलं. त्या संध्याकाळी घागर डोक्यावर घेतली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं फक्त तो पदर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, साधारण बाराचा सुमार. नवरा शाळेत. मी भाकरी करत होते. पंखा एकदम घोंगावायला लागला आणि ट्यूब अशी पांढरी झाली की तव्यावरच्या भाकरीचे डाग वेगळेच दिसायला लागले. मीटर लावलं. दोनशे ब्याऐंशी. उतरलंच नाही, चढतच राहिलं. मी धावले आणि मेन पाडला. घर गप्प झालं.

मग मी दारात आले.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. जावेच्या घरातनं टीव्हीचा आवाज येत होता. समोर आपाची गिरणी चालू होती. मोटरचा नेहमीचा सूर बदलला होता, जाड झाला होता, घशात काही अडकल्यासारखा. आपाच्या दारात वस्तीवरच्या दोन बाया डबे घेऊन उभ्या होत्या. माझ्या दारापासून आपाचं दार पंधरा पावलांवर. एक हाक मारायची होती, "आपा, बंद कर." तेवढंच. तिनं ऐकलं असतं. ती एकटी तरी नक्की ऐकणारी होती.

माझ्या तोंडात हाक आली होती. आणि मी मनात म्हटलं, हसा आता.

दोन मिनिटं असतील, तीन असतील. घड्याळ बघितलं नाही. मी चौकटीला हात लावून उभी होते, हाताला पीठ होतं, आणि मी वाट बघत होते. हो, वाटच बघत होते. मग जावेच्या घरात फाडकन आवाज झाला आणि टीव्ही गप्प झाला. पाठोपाठ पलीकडच्या घरात. कुठं बल्ब फुटला, कुठं पोरं ओरडली. मी पुढं सरकले, ओरडलेही, "मेन पाडा, मेन पाडा," पण तोवर काही उरलं नव्हतं. गिरणीतनं आधी वास आला, मग काळा धूर. दळणाच्या बाया डबे टाकून पळाल्या. आपा खोकत बाहेर आली, भुवयांवर पीठ, आणि गल्लीत मध्यभागी उभी राहून सगळीकडं बघायला लागली. तिची नजर माझ्यावरून गेली. थांबली की नाही ते मला सांगता येत नाही.

लाइनमन तासाभरानं आला. डीपीवर चढून दहा मिनिटांत जोड आवळला आणि उतरला. खाली, शाळेतनं धावत आलेल्या नवऱ्याला म्हणाला, "सर, न्यूट्रल सुटलतं." जशी काही नवीनच गोष्ट सांगतोय.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं की आमच्याकडचं सगळं चालू आहे. जाऊ दारात येऊन आमच्या फ्रीजचा दिवा बघून गेली. मग बोलणी सुरू झाली.

"काल म्हणत होती न्हवं, पिना काढा. आज बरोबर जळालं. हे कसं काय?"

"हिनंच वायरी हलवल्या असतील. शिकलेली हाय की त्यातलं."

इतकी वर्षं मी काय शिकले ते कुणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी सगळ्या गल्लीला एकदम माहीत झालं, आणि ते असं. नवरा घाबरला. म्हणाला, थोडे दिवस टीव्ही लावू नको, आवाज बाहेर जातो. फ्रीज बंद ठेवता आला नाही, कारण तिसऱ्या दिवशी चुलत दीर स्वतः आले. त्यांना साखरेचा आजार, सुया टोचून घ्याव्या लागतात, आणि औषध थंडीत ठेवावं लागतं. ते आमच्या फ्रीजमध्ये ठेवलं. जाऊ सकाळ-संध्याकाळ घरात यायची, माझ्याशी एक शब्द न बोलता फ्रीज उघडायची, औषध घ्यायची, जायची. जाताना दार मुद्दाम जोरात लावायची. तिचा नवा फ्रीज येईपर्यंत हे असं चाललं.

महिनाभरानं वारं फिरलं, तेही माझ्या बाजूनं नाही. नवऱ्याला शाळेत कुणीतरी विचारलं की सर, तुमचंच कसं वाचलं. त्या रात्री जेवताना त्यानं मला सगळं नीट विचारून घेतलं. न्यूट्रल म्हणजे काय, फेजचा तोल म्हणजे काय, ती डबी कोणती, अर्थिंगला काय घालायचं. मी सांगितलं. त्यानं वहीत लिहून घेतलं, शीर्षकाखाली दोन रेघा मारून. मग तो गल्लीत सांगायला लागला. माझी वाक्यं, माझ्याच क्रमानं. गल्लीत एकेका घराला मेनपाशी डबी बसली, अर्थिंगचे नवे खड्डे झाले. माणूस माजलगावचाच, तोच, वायरी उलट्या करणारा. नवरा पाठीमागं हात बांधून शेजारी उभा राहायचा. आणि मग गल्ली म्हणायला लागली की सरांच्या हुशारीनं त्यांचं घर वाचलं. मी वायरी हलवल्याचं बोलणं बंद झालं. एवढं भलं झालं, की मला ना चोर म्हणायचं कुणाला कारण राहिलं, ना काही कळतं म्हणायचं.

आपाची मोटर रिवाइंडिंगवाल्यानं उघडून बघितली आणि आत कोळसा झालाय म्हणून परत दिली. दुसरी जुनी मोटर आणली, ती जड दळणाला बंद पडायची. तोवर रस्त्याकडं नवी गिरणी आली होती, मोठी, आणि वस्तीवरचं दळण तिकडं वळलं. पावसाळ्याआधी आपानं जातं, पट्टा, सगळं युसूफ वडगावच्या एकाला देऊन टाकलं. आता ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. पन्नाशीला आलेली बाई, गुडघे दुखतात, सकाळी डबा घेऊन माझ्या दारावरूनच जाते.

गिरणी नेली त्या दिवशी मी तिच्याकडं गेले. पुढची खोली मोकळी, भिंतीला पिठाचा थर तसाच. आपा खालीच बसली होती. म्हणाली, "बस." मी बसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाली,

"त्या दिवशी तू दारात उभी होतीस का गं?"

"कधी?"

"जळालं तवा. आधी. मला वाटलं तू दारात होतीस."

मी म्हटलं, "न्हाई आपा. मी आत होते. भाकरी करायलते."

"आवाज बदललता मोटरचा. मला कळंना. तुला कळला असता."

"आत ऐकू येत न्हाई."

पंधरा पावलांवरचं आत ऐकू येतं हे तिला माहीत होतं. इतकी वर्षं ती त्या खोलीतनं मला हाक मारत होती आणि मी चुलीपुढनं ओ देत होते. ती म्हणाली, "मंग ठीक हाय," आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

खरं सांगायला मी दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आले. सांगून टाकावं, मग ती शिव्या देईल, थुंकेल, काय करायचं ते करेल. पण ती विचारील, कावून गं? त्याला माझ्याकडं उत्तर एकच आहे, की तू हसलीस. बाईची गिरणी गेली, आणि माझ्याकडं एवढंसं कारण. लाइनमन हसला, नवरा हसला, जाऊ हसली. त्यांचं माझ्यानं काही करणं झालं नाही; जावेचा टीव्ही गेला, पण तिनं माझी हाक ऐकलीच नसती. नवऱ्याचं तर घरही मी वाचवलं. जी एकटी माझ्या हाताला मान देत होती, तिच्यावरच मी सगळ्यांचा राग काढला.

गेल्या वर्षी गावाला नवी, मोठी डीपी मिळाली. गल्लीनं कार्यक्रम केला. सगळ्यांनी मिळून माझ्या नवऱ्याचा सत्कार केला, पाठपुराव्याबद्दल. शाल दिली, श्रीफळ दिलं, लाइनमननं हार घातला. नवऱ्यानं छोटं भाषण केलं. घरगुती उपकरणांची काळजी कशी घ्यावी, अर्थिंगला उन्हाळ्यात पाणी का घालावं. चांगलं बोलला. मी बायांमध्ये मागं बसले होते. आपा उशिरा आली, रानातनं आली असावी, पायांना माती होती. जागा फक्त माझ्या शेजारी होती. ती बसली. टाळ्या झाल्या तेव्हा तिनंही दोन वाजवल्या.

मग हळूच, समोर बघतच म्हणाली, "तुझ्या मालकाला लई कळतं गं यातलं."

मी म्हटलं, "हो, आपा."